केस पेपरवरची दहा वर्षं

"दोन्ही किडन्या निकामी होत आल्यात," डॉक्टर म्हणाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "गोळीनं होईन ना?"

आजाराचं नाव क्रॉनिक किडनी डिसीज. क्रॉनिक म्हणजे पूर्ण बरा न होणारा, सोबत राहणारा. सावली गावातल्या आमच्या घरात मी पहिली पदवीधर. इंग्रजी कागद वाचायचं काम माझं, म्हणून बाबांना हे सांगायचं कामही माझंच.

मी घाबरले, पण फार नाही. दोन वर्षांपूर्वी नोकरी लागल्यावर मी सगळ्यात आधी बाबांचा आरोग्य विमा काढला होता. फॉर्म स्वतः भरला. आधीचा आजार: नाही. आणि खरंच नव्हता. पाय सुजायला लागले ते गेल्या धान कापणीनंतर.

चंद्रपूरच्या खाजगी दवाखान्यात भरती करताना एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधीपासून?"

"दहा वर्सं झाले असन, साहेब," बाबा म्हणाले.

खरं काय ते मला माहीत होतं. पण आमच्याकडे असंच सांगतात. तीन तास रांगेत उभं राहून "चार दिवस झाले" म्हटलं, की दोन गोळ्या देऊन घरी धाडतात. हे मी लहानपणापासून बघत आले. डॉक्टर बाहेरगावचे, त्यांना बाबांचं बोलणं नीट कळलं नाही. मग मीच शुद्ध मराठीत सांगितलं, "दहा वर्षांपासून, सर." त्यांनी लिहून घेतलं.

क्लेम, म्हणजे दवाखान्याचा खर्च विमा कंपनीने द्यावा ही आपली मागणी, नामंजूर झाला. कारण एका ओळीत होतं: प्री-एक्झिस्टिंग डिसीज, म्हणजे पॉलिसीच्या आधीपासूनचा आजार, लपवला.

मी त्याच डॉक्टरांकडे गेले. "ताई, केस पेपर खोडता येत नाही," ते म्हणाले. "तुम्हीच सांगितलं होतं ना?" तरी त्यांनी त्रास अलीकडचाच आहे असं वेगळं पत्र दिलं. कंपनीने ते मानलं नाही. पहिली नोंद तीच खरी, म्हणे. अपील केलंय. उत्तर नाही.

आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, म्हणजे मशीनने रक्त साफ करणं. सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं, तिथल्या सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण रक्त वाढवायची इंजेक्शनं बाहेरून आणावी लागतात. लिहून दिलेली सगळी जमत नाहीत. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट सिस्टर माझ्या हातात पालथा देतात.

तुमच्या घरी कोणाला भरती करायची वेळ आली, तर दुखणं सुरू झालं तो महिना आठवून ठेवा आणि तोच सांगा. जास्त सांगितल्याने कोणी जास्त बघत नाही. मी पंधरा वर्षं शिकले, पण हे कुठे शिकवलं नव्हतं.

एकदा बाबा म्हणाले, "माह्या तोंडानं झालं हे."

"नाई बाबा. मी सांगितलं होतं."

"तू त शिकलेली. तू काऊन चुकशीन?"

मागच्या आठवड्यात सिस्टरांनी विचारलं, "काका, आज दम लागते का?" चौकात बसले की कोणाला बोलू न देणारे माझे बाबा. त्यांनी तोंड उघडलं नाही. त्यांना दम लागत होता, दिसत होतं. ते माझ्याकडे बघत राहिले, मी काय सांगते त्याची वाट बघत.