भोवरा आणि लोहचुंबक

दोघी बहिणींतल्या थोरलीच्या नवऱ्याने जन्मभर धुळीवर पोट भरलं. घरातली धूळ नव्हे, ती त्याला कधी दिसलीच नाही. त्याची धूळ ताऱ्यांच्या मधल्या पोकळीतली. तिथून मायक्रोवेव्ह लहरी येतात म्हणे, पण कशापायी येतात, ते कुणालाच धड ठाऊक नाही.

थोरलीचा नवरा म्हणे, काजळीसारखे बारीक कण गरगर फिरतात, म्हणून. त्याच संशोधन संस्थेत शेजारच्याच खोलीत बसणारा धाकटीचा नवरा म्हणे, छे, कणांत लोखंड आहे, त्याच्या चुंबकपणामुळे. बहिणींनी एकाला नाव ठेवलं भोवरा, दुसऱ्याला लोहचुंबक. एवढ्या वादावरून दोघा शहाण्यांनी बोलणं टाकलं, एकमेकांकडे जेवणं टाकलं. बहिणी भेटायच्या त्या बाजारात, भाजीची पिशवी पायाशी ठेवून, चोरासारख्या.

आता धाकटीचं बिऱ्हाड दूरच्या गावी हलणार होतं. "ताई, जायच्या आधी एकदा तुझ्या घरी सगळे जेवू," ती म्हणाली.

भोवरा ऐकताच फणकारला. "तो येणार असेल तर मी बाहेर जेवीन. लोखंड म्हणे! मग त्या लहरींच्या डोलण्याला एक ठरावीक रोख दिसायला हवा. कुठं दिसलाय?"

"आणि जिथे काजळी जास्त तिथे लहरी जास्त, असं तरी कुठं दिसलंय, असं धाकटीचे यजमान विचारतात," थोरली म्हणाली.

"शिकवून पाठवलंय तुला."

थोरलीने सरळ रविवारचं जेवण ठरवलं. रविवारी धाकटी नवऱ्याला ओढूनच घेऊन आली. दोघे साडू बैठकीत पाठीला पाठ लावून बसले. वय झालं, केस गेले, पण रुसवा पोरांचा.

तेवढ्यात भोवऱ्याचा मोबाइल वाजला. संस्थेतल्या कुण्या नव्या माणसाने लिहिलं होतं, काजळी नाही नि लोखंडही नाही, वाळूचे कण फिरत असावेत.

"वाळू," भोवरा तोंड वाकडं करून म्हणाला.

मागून आवाज आला, "वाळू? डोकं ठिकाणावर आहे का त्याचं?"

"तेच म्हणतो मी, साडूभाऊ."

खुर्च्या फिरल्या. मग त्या बिचाऱ्याच्या अकलेचे जे काही वाभाडे निघाले! पुढ्यातलं ताट निवून गेलं तरी दोघांना शुद्ध नाही.

स्वयंपाकघरात बहिणी गरम गरम जेवल्या, पोटभर बोलल्या.

"ताई, ही वाळू आधी का नाही गं सापडली?"

"वाळूचं काय गं. यांना मिळून हिणवायला तिसरा हवा होता."

बाहेरून दोघांनी एकदमच चहा मागितला. कुणीच उठलं नाही.