दहा वर्षांचं जाळं

नायलॉनच्या दोरीचं टोक जाळलं, की त्या वासासरशी धाकटा भाऊ आठवतो. तो असल्याच धाग्यांवर संशोधन करायचा. एकदा रेवदंड्याला आला नि म्हणाला, "दादा, दहा वर्षं उन्हात वापरलेल्या जाळ्याचा तुकडा दे."

जुनं जाळं पार विरलेलं. ते भावाच्या प्रयोगशाळेतल्या सायबांना दिसणार, याची मला लाज वाटली. मी दोन वर्षांच्या जाळ्याचा तुकडा कापून दिला. "दहा वर्षांचं हाय. बघ कसं टिकलंय!"

त्यावरच त्याने लेख लिहिला.

भाऊ गेला. काल त्याचा विद्यार्थी आला. "काका, सरांच्या त्या लेखाचा आधार अजून जगभर घेतात."

खरं सांगायला तोंड उघडलं नि म्हणालो, "आमची जाळी टिकायचीच."