बाहेरगावच्या बाई

परवा वाचनालयात कार्यक्रमाआधी एक मुलगी रांगेतल्या खुर्च्या उचलून गोलात मांडत होती. ते बघताना मला आमच्या नगरपालिकेचं जुनं सभागृह आठवलं.

मी तेव्हा नगरसेविका होते. नानासाहेब आणि भाऊ या दोन गटांच्या पुढाऱ्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, त्यामुळे गावासाठी पुढे काय करायचं ते ठरतच नव्हतं. शेवटी मुख्याधिकाऱ्यांनी कार्यशाळा घ्यायला बाहेरगावच्या एका बाईंना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या सभागृहातल्या खुर्च्या गोलात मांडल्या आणि सगळ्यांना समोरासमोर बसवलं.

"आमच्या गावातलं यांना काय कळणार?" नानासाहेब कुरकुरले.

"काहीच कळत नाही, म्हणून तर विचारायला आले," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही पोहायला कुठे शिकलात?"

नानासाहेब म्हणाले, "तळ्यात. आता तिथे कचरा टाकतात." मग भाऊंकडे बोट दाखवत म्हणाले, "या भाऊनंच शिकवलं."

"शिकवलं कसलं, ढकलून दिलं होतं," भाऊ खाली बघत म्हणाले. सगळे हसले, ते दोघंही.

आपल्या माणसांना आपण असलं काही विचारत नाही. ठाऊकच आहे असं धरून चालतो आणि हळूहळू विसरून जातो.

त्या दिवशी तळं साफ करायचं एवढंच ठरलं. पुढे दोघं पुन्हा भांडले, पण तळ्याचं काम कुणी अडवलं नाही.

काही वर्षांनी नानासाहेब गेले, त्यानंतर भाऊ एकदा माझ्याकडे आले. म्हणाले, "त्या बाईंचं नाव काय हो? त्यांना कळवायला हवं."

मलाही आठवेना.