तहानेची राखण

मल्लप्पाकाकांचा सगळा जन्म सोलापूरच्या बागांना पाणी घालण्यात गेला. रस्त्यानं जाताना कुणाच्या दारातली तुळस सुकलेली दिसली, की हा माणूस आत शिरून तांब्या मागणार. अशा माणसाला निवृत्तीनंतर काम मिळालं कशाचं, तर एका झाडाला पाणी मिळू न देण्याचं. त्यांची बायको ईरम्मा ते ऐकून तोंडाला पदर लावून हसत सुटली.

काम प्रतिक्षाचं होतं. ही पोरगी झाडांवर संशोधन करते. सालीखाली लाकडाच्या नव्या पेशी तयार होत असतात. पाणी भरपूर असलं की त्या ऐसपैस होतात, कोरड पडली की बारीक होतात आणि फारच झालं तर नव्या व्हायच्याच थांबतात. हे गणित ती कॉम्प्युटरला शिकवत होती, म्हणजे पुढं उन्हाळे आणखी कडक झाले तर झाडांच्या अंगी लाकूड कसं भरेल, त्याचा आधीच अंदाज येईल. त्यासाठी शहराबाहेरच्या माळावर तिनं दोन तरणे कडुलिंब निवडले. एकाला रोज पाणी. दुसऱ्याच्या बुडाशी पत्रे अंथरलेले, थेंब आत जायचा नाही. काका दोघांचे राखणदार.

एक तांब्या जरी पडला तरी वर्षाचं काम वाया जाईल, असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं आणि काकांनी शब्द दिला.

चैत्रात शब्द देणं सोपं असतं. वैशाखात पत्रे अंथरलेल्या लिंबाची पानं पिवळी पडून गळू लागली. पाइप ओढत एकाकडं जायचं तर दुसऱ्यासमोरूनच वाट. काका मान खाली घालून जायचे. झाड जगेल ना, एवढंच त्यांनी एकदा विचारलं. जगावं असं मलाही वाटतं, पण खात्री देता येत नाही, असं ती म्हणाली. पोरगी खोटं बोलली नाही याचं काकांना बरंही वाटलं आणि वाईटही.

तेव्हापासून ईरम्मानं दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच परत येऊ लागली. ती रागावली, काकांनी कानाडोळा केला.

एका दुपारी प्रतिक्षा सालीखालचा नमुना घ्यायला आली, तर काका तहानलेल्या लिंबाला टेकून बसलेले, ओठ फुटलेले, डोळे जड. घाबरून तिनं बाटली त्यांच्या तोंडाला लावली. काकांनी तोंड फिरवलं.

"हितं नगं, पोरी. त्येच्या म्होरं कसं पिऊ? त्येला आपुनच अडवलंय की."

तिनं त्यांना धरून शेडमागं नेलं आणि पाणी पाजलं. तिचे डोळे वाहत होते. आत्ताच पत्रे उचलू, संशोधन पुढच्या वर्षी करू, असं ती म्हणाली. काकांना तेच तर हवं होतं. तरी त्यांनी तिचा हात धरून तिला थांबवलं.

"न्हाय," ते म्हणाले. "तुजं मोजून हुंदे. एवढं सोसलंय त्येनं, त्येची तहान फुकट जायला नगं."

ज्येष्ठात मोजणी संपली. प्रतिक्षानं पत्रे सरकवले आणि पाइप काकांच्या हातात दिला. आता बदाबदा ओततील असं तिला वाटलं होतं, पण काकांनी धार अगदी बारीक केली, बुडाशी उकिडवे बसले आणि लेकराला पाजावं तसं जपून पाणी सोडू लागले.

"सावकाश कुडी, मगा," सावकाश पी, पोरा, असं ते आपल्या कन्नडमध्ये झाडाला म्हणत होते. "सावकाश कुडी."

प्रतिक्षाला कन्नड येत नाही. ती त्यांच्या शेजारी चिखलात बसली आणि तिनंही पाइपला हात लावला.