चपलेला एक बिल्ला, बंदुकीला एक

आक्का पाहुण्याच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी कमरेकडे. राजारामपुरीतल्या एका मंगल कार्यालयाच्या त्या व्यवस्थापक होत्या. लग्नाच्या दिवशी दारात लोखंडी खुर्ची टाकून बसायच्या आणि शर्टाचा फुगवटा पाहून आत तंबाखूची डबी आहे, पाकीट आहे की रिव्हॉल्वर, हे अचूक ओळखायच्या. रिव्हॉल्वर असलं तरी खुर्चीतून उठायची तसदी घ्यायच्या नाहीत. नुसता तळहात पुढे करून म्हणायच्या, "पावणं, ते हिकडं द्या."

नव्वदीची सुरुवात होती. मी कॉलेजात इतिहास शिकवायला कोल्हापुरात आलो होतो आणि त्या कार्यालयाच्या माडीवरची एक खोली भाड्याने घेतली होती. मूळचा मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे लग्नाला माणसं फार तर छत्री घेऊन येत. इथलं पहिलं लग्न मी दुसऱ्या एका कार्यालयात जेवलो. पंगतीत माझ्या शेजारच्या गृहस्थांनी, पोटाला टोचतंय म्हणून, कमरेचं रिव्हॉल्वर काढलं, पानाशेजारी ठेवलं आणि आणखी दोन जिलब्या मागितल्या. नळी माझ्या दिशेला होती. मी हादरून इकडेतिकडे पाहिलं. कुणाचाही घास अडला नव्हता. वाढप्याने तर ते दोन बोटांनी जरा सरकवलं आणि पुढे गेला.

हत्यारं मिरवणारी माणसं मी इतिहासात पुष्कळ वाचली होती, पण त्यांना अधूनमधून लढाईवर तरी जावं लागे. इथे ज्यांच्यावर जन्मात कुणी डोळे वटारले नव्हते, असे लोक संरक्षणासाठी म्हणून परवाना काढत आणि ते संरक्षण चारचौघांना नीट दिसावं म्हणून शर्ट आत खोचत. जमिनीला भाव आले होते, साखरेला बरे दिवस होते, दारात जीप होती. उरली होती ती कंबर.

आक्का गडहिंग्लजच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या खेड्यातल्या. इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, आवाज मात्र बाजारभर ऐकू जाईल असा. रागावल्या की कानडीत शिरायच्या आणि मग स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा आवाज न करता घासली जायची. लवकर विधवा झालेल्या. भावाची मुलगी गौरा आई-बापाविना राहिली तेव्हा सहा वर्षांची होती. तिला त्यांनी ह्या कार्यालयाच्या मागच्या दोन खोल्यांत वाढवलं. शेकडो लग्नं लावून दिलेल्या ह्या बाईच्या डोक्यात लग्न एकच होतं, गौराचं.

चपलांच्या स्टँडसाठी कार्यालयाने पितळेचे नंबराचे बिल्ले करून घेतले होते. आक्कांनी तेच बिल्ले बंदुकांनाही लावले. हत्यार मालकानेच रिकामं करायचं, ते कापडी पिशवीत जायचं, पिशवी कोठीतल्या डाळीच्या डब्यामागच्या कपाटात, आणि हातात बिल्ला. साखर कारखान्याच्या एका संचालकांना ह्याचा फार अपमान वाटला. "चपलेचा बिल्ला देताय व्हय मला?"

"चपलेला एक, बंदुकीला एक," आक्का म्हणाल्या. "दोन्ही बाहेरच्या वस्तू. घ्या, हरवू नगा."

वाद रोजचाच होता आणि आक्कांना तो मनापासून आवडायचा. मी माडीवरून ऐकत असे.

"लायसन हाय की आक्का!"

"लायसन जीपचंबी असतंय. जीप घिऊन बसतायसा काय पंगतीला?"

"जिवाला धोका हाय माझ्या."

"कुणापासनं? आत समदे तुमचे सोयरेच हायत." मग जरा विचार करून, "का त्यांच्यापासनंच?"

एकदा पेठ वडगावचे एक व्यापारी अडूनच बसले. कायद्यानं दिलेला हक्क आहे, म्हणाले. आक्कांनी त्यांचा परवाना मागितला आणि जिन्याकडे तोंड करून मला हाक मारली. "सर, खाली या. ह्यातलं बारीक अक्षर वाचा जरा मोठ्यानं." अटींमध्ये जत्रा, मिरवणूक, लोकांचा जमाव अशा ठिकाणी खास परवानगीखेरीज हत्यार नेऊ नये, अशा अर्थाचं कलम होतं. मी वाचलं. गृहस्थ खरोखर चकित झाले. परवान्यावरचा स्वतःचा फोटो सोडून त्यांनी त्यात काही पाहिलंच नव्हतं. मीही चकित झालो. इतके परवाने, इतके साहेब, इतकी लग्नं, आणि ते कलम वाचायला लावणारी बाई चौथीपर्यंत शिकलेली.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडून फलक लिहून घेतला. मी लिहिलं होतं, 'मान्यवरांना नम्र विनंती की…' त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नम्र कशाला? मान्यवर कशाला? बंदूक आत न्यायची न्हाय, एवढंच लिवा." तेवढंच लिहिलं. कार्यालयाचे मालक मवाळ होते. अशाने गिऱ्हाईक तुटेल म्हणून एकदा कुरकुरले, "एखाद्या मोठ्या पावण्याला सोडत जा की." आक्का म्हणाल्या, "एकाला सोडलं की मग बाकीच्यांना काय तोंडानं आडवायचं?" मालकांनी विषय सोडला. गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट बायका नवऱ्यांना सांगू लागल्या की लग्न तिथंच करायचं.

सात-आठ वर्षं हे असं चाललं. मग गौराचं ठरलं. मुलगा शिकलेला, शांत, घर वारणेकाठचं आणि मोठं. आक्कांच्या ऐपतीपेक्षा बरंच मोठं. मुलाचे वडील नव्हते; कारभार चुलत्यांकडे, त्यांना सगळे अण्णा म्हणत. याद्या झाल्या त्या दिवशी आक्का माझ्या खोलीत पेढे घेऊन आल्या आणि पहिल्यांदाच खुर्चीच्या टोकावर बसल्या. म्हणाल्या, "सर, पोरगी चांगल्या घरात चालली. आता माझ्याकडनं काय चुकायला नगं."

लग्नाच्या दिवशी दारातली खुर्ची रिकामी होती. आक्का वधूपक्षाच्या वडीलधाऱ्या म्हणून आरतीचं ताट घेऊन पायरीवर उभ्या होत्या. मी माडीच्या गॅलरीत होतो. खालचं अंगण तिथून तळहातासारखं दिसायचं. वाजतगाजत वरात आली. पुढे बँड, त्यात बाबालाल ट्रम्पेटवाला. बाबालाल त्या अंगणात इतकी वर्षं वाजवत होता की लग्न कुणाचंही असलं तरी आक्का आधी त्याला चहा देत आणि मग वरमाईला. बँडच्या मागे नवरदेव, आणि नवरदेवाशेजारी अण्णा. खांद्याला दुनळी बंदूक.

आक्कांचा तळहात सवयीने पुढे आला. ताट डाव्या हातात पेलून त्यांनी उजवा हात पुढे केला. बँड थांबला.

अण्णा हसले. "आक्का, आमच्या घरात बार उडवल्याबिगर नवरदेव मांडवात पाय ठिवत न्हाय. तुमचा नियम ठावं हाय मला. पर आज तुम्ही मॅनेजर, का पोरीच्या आत्ती?"

अंगणात दीडदोनशे माणसं होती. सगळी त्या हाताकडे बघत होती. वरपक्षाचा मान ही आमच्याकडे काय चीज आहे ते ज्याने मुलीचं लग्न केलंय त्याला सांगायला नको. जेवणात मीठ कमी पडलं म्हणून फिरलेल्या वराती मी पाहिल्या आहेत. आक्कांचा हात खाली आला.

"आत्ती," त्या म्हणाल्या. "या."

पहिला बार आभाळात गेला. कबुतरं उडाली, टाळ्या पडल्या. दुसरा उडालाच नाही. नुसता खटका वाजला. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "अण्णा, दारू भिजली जणू!" अण्णा ओशाळले. काय झालं ते बघायला त्यांनी बंदूक खाली घेतली, आडवी धरली, चापाशी काही खटपट केली, आणि ती उडाली.

बाबालाल दहा-बारा फुटांवर होता. तो नेमका पुढचं गाणं सुरू करायला ट्रम्पेट ओठांशी नेत होता. छर्ऱ्यांचा सगळा झोत त्याच्या उजव्या हातावर गेला. ट्रम्पेट फरशीवर आपटल्याचा आवाज मी ऐकला. किंचाळी नंतर आली. ज्या तीन बोटांनी तो कळा दाबायचा ती तीन बोटं त्या हाताला राहिली नव्हती.

त्यानंतर जे झालं त्याने मला बंदुकीच्या बारापेक्षा जास्त हादरवलं. बँडच्या दोघांनी बाबालालला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि पाच मिनिटांत बादलीभर पाणी टाकून फरशी धुतली गेली. साड्या सांभाळत बायका आत गेल्या. एक म्हातारे गृहस्थ घड्याळ बघत म्हणाले, "मुहूर्त टळंल. अक्षता उरकून घ्या." वरच्या हॉलमध्ये सनईची कॅसेट एकदाही थांबली नव्हती. लवकर जाणाऱ्यांची पंगत बसली होती आणि तिथे मसालेभात फिरत होता. अण्णांनी बंदूक रुमालाने पुसली, जीपमध्ये ठेवून दिली आणि येऊन आक्कांना सांगितलं, "हवालदार यील आता. फटाका हातात फुटला म्हणायचं. बाबालालचं आमी बघतो. आन् दुसरं काय तोंडातनं आलं, तर वरात हितनंच माघारी."

हवालदार आले. अंगणात उभ्या असलेल्यांना एकेक करून विचारलं. फटाका, फटाका, फटाका. कुणी फटाक्याचं नावसुद्धा सांगितलं. मग ते जिना चढून माझ्याकडे आले. सर तुम्ही वर राहता, तुम्हाला काय दिसलं? मी म्हणालो, मी आत होतो, पेपर तपासत होतो. इतकं सहज म्हणालो की माझाच मला विश्वास बसला. मनात मी त्या खोट्याला गौराचा संसार असं नाव दिलं होतं.

राहिल्या आक्का. गौरा मुंडावळ्या बांधून पाटाजवळ उभी होती. तिने जिन्यातून धावत येऊन आक्कांचा दंड धरला. "आत्ती, नगं. पाया पडते, नगं."

आक्कांनी तिच्या मुंडावळ्या सरळ केल्या. मग तिचा हात सोडवला आणि हवालदारांना म्हणाल्या, "लिवा सायेब. बंदूक हुती. दुनळी. ह्या अण्णांची. ती खाली धरली आन् उडाली. आन् आत मी सोडली. अडवायचं काम माझं हुतं, मी सोडली. तेबी लिवा."

वरात परत गेली. नवरदेव एकदा मागे वळला, पण जीपमध्ये बसला. शिजवलेलं अन्न संध्याकाळी आक्कांनी स्वतः वाढून गल्लीतल्या घराघरांत पाठवलं. कानडीत एकदाही शिरल्या नाहीत. गौरा महिन्याभरात आजोळी निघून गेली. तिथूनच तिचं पुढे एका शिक्षकाशी लग्न झालं. पत्रिका आक्कांना पोस्टाने आली.

खटला उभा राहिला तो एकट्या आक्कांच्या जबाबावर. दवाखान्याच्या कागदावरही फटाकाच लिहिला गेला होता. बाबालालने तडजोड केली होती. त्याला दोष देणं कुणालाच शोभलं नसतं. बोटं त्याची गेली होती आणि घरात खाणारी तोंडं पाच. समोरच्या वकिलाने आक्कांना दोनच प्रश्न विचारले. तुमच्या मुलीचं लग्न ह्यांनी मोडलं ना? दुसऱ्या कुणी बंदूक पाहिली का? पहिल्याला त्या हो म्हणाल्या. दुसऱ्याला म्हणाल्या, "समद्यांनी." पण सगळ्यांतला एकही जण कागदावर नव्हता. मोडलेल्या लग्नाचा सूड, असं ठरलं. अण्णा सुटले आणि परवान्याची मुदतही वाढवून मिळाली. बाबालाल आता वरातीत दिव्यांची गाडी ढकलत असे, डाव्या हाताने.

निकालानंतर पंधरा दिवसांत आक्कांनी काम सोडलं. मालकांनी राहा म्हणून सांगितलं, मनापासून सांगितलं. "दारात बसून मागू कुठल्या तोंडानं?" एवढंच त्या म्हणाल्या. गावाकडे भावकीतली एक खोली होती. सामान एक ट्रंक आणि एक वळकटी. ट्रंक मी उचलून रिक्षात ठेवली. तुमच्यासारखं धैर्य मी पाहिलं नाही, असं काहीतरी बोलायचं मी दोन दिवस ठरवत होतो. वाक्य चांगलं जुळलंही होतं. मी ते सुरू केलं. आक्का पदर सावरून रिक्षात बसल्या, माझं अर्धं वाक्य त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आवाजात राग नव्हता. पंगतीला किती पानं मांडली हे सांगावं, तसं म्हणाल्या,

"सर, तुम्ही गॅलरीत हुता की."