सोऱ्याची चकती

आमच्या घरात राग नाकावर असतो. बाबांच्या असतो, माझ्याही असतो. आईच्या नसतो, कारण आम्हा दोघांना सांभाळायला घरात कुणीतरी शहाणं लागतं.

साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. एक मोठं मशीन ठेवलं की तिसरा माणूस तिरका उभा राहतो, एवढाच. बाबा टर्नर. सगळं आयुष्य त्यांनी तिथे एकाच लेथवर काढलं. लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरतो आणि टूल जागेवर राहून त्याची साल काढत जातं. डिप्लोमा करून मी गाळ्यात आले आणि चार-पाच वर्षांनी कॉम्प्युटरवर चालणारं सेकंडहँड सीएनसी मिलिंग मशीन घेतलं. तिथे सगळं उलटं. जॉब टेबलावर घट्ट बांधलेला असतो आणि फिरतं ते टूल. मशीन आलं, जागा संपली, लेथ विकावी लागली. मी विचारलं तेव्हा बाबा "विक" म्हणाले. मात्र लेथ टेम्पोत चढली त्या दिवसापासून त्यांनी गाळ्यात पाऊल टाकलं नाही.

सव्वा वर्ष झालं. घरी ते माझ्याशी छान बोलायचे, क्रिकेटवर भांडायचे, पण गाळ्याचा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढायचा. मला त्यांची आठवण यायची. एकाच घरात राहणाऱ्या माणसाची आठवण येते, हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. दुपारी डबा उघडला की समोरचं स्टूल रिकामं दिसायचं. मला फार काही नको होतं. ते त्या स्टुलावर परत येऊन बसायला हवे होते, बस.

दिवाळीच्या आठ दिवस आधी आईने पितळेचा सोऱ्या काढला. तो शेजारच्या काकूंकडे गेला होता आणि परत आला तेव्हा दट्ट्याच्या टोकाची गोल चकती एका कडेला चेपली होती. ही चकती नळीत अगदी बरोब्बर बसावी लागते. घट्ट झाली तर अडकते आणि सैल झाली तर चकली खाली पडायच्या ऐवजी पीठ कडेने वर येतं. आमच्या सोऱ्याची चकती बाबांनी लेथवर केलेली होती. नवा सोऱ्या घ्यायला आई तयार नव्हती.

"लेथ नाही, चकती नाही," बाबा टीव्हीकडे बघत म्हणाले.

"मिलिंगवर करते," मी म्हटलं.

"मिलिंगवर टर्निंग? होत नाही ते."

झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी सोऱ्या पिशवीत घातला आणि गाळ्यावर गेले.

आधी साधा मार्ग केला. पितळेचा गोल तुकडा टेबलावर बांधला आणि मशीनला त्याच्याभोवती फिरून वर्तुळ कापायला सांगितलं. पण माझं मशीन माझ्याआधी दोन मालकांनी राबवलेलं. वर्तुळ काढताना दिशा बदलली की जरासं अडखळतं. चकतीच्या कडेवर चार बारीक उंचवटे राहिले. नळीत घालून फिरवली तर चार ठिकाणी अडकली. बाबांनी बघितली असती तर काही न बोलता परत दिली असती. ते बोलले नाहीत की जास्त लागतं.

मग मला सुचलं की जिथे कटर धरतात तिथे पितळच धरावं. नव्या तुकड्याच्या मध्ये आटे पाडले, त्यात खिळी बसवली, खिळी कटर फिरवणाऱ्या स्पिंडलमध्ये पकडली. लेथचं टूल टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात उभं बांधलं. आता जॉब फिरणार आणि टूल गप्प उभं राहणार. मिलिंग मशीनची लेथ झाली! मी एकटीच हसले. मोबाइलवर फोटोही काढला.

सुरू केलं आणि असा किंचाळण्याचा आवाज आला की शेजारच्या गाळ्यातून "क्या हुआ मॅडम?" विचारायला लोक आले. पितळ कापलं जातच नव्हतं, घासून काळं पडत होतं. वेग कमी केला, वाढवला, टूल बदललं. किंचाळणं तेच. रागात डबा घरीच राहिला होता, म्हणून तेवढ्यात जेवायला येतेस का विचारायला आईचा फोन आला. मी एका हाताने फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने मशीन चालवत होते. पलीकडून काहीतरी खडखडलं आणि बाबांचा आवाज आला.

"बंद कर आधी! टूल उलटं बांधलंयस."

"नाही हो. धार माझ्याकडे आहे, चांगली दिसतेय मला."

"तुला दिसून काय करायचंय? पितळ त्या धारेवर यायला पाहिजे. तुझं पितळ पाठीमागून येऊन टुलाच्या पाठीला घासतंय. कुठल्या बाजूला फिरवतेस?"

मी मशीन बंद केलं. मिलिंगचे सगळे कटर एकाच बाजूला फिरतात, म्हणून स्पिंडलही कायम त्याच बाजूला फिरवायची सवय. दुसऱ्या बाजूला फिरवता येतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फोनवरच्या किंचाळीवरून ह्या माणसाने असल्फ्यात घरी बसून टुलाचं तोंड ओळखलं होतं.

"हात लावू नको कशाला," ते म्हणाले. रागात असले की ते मालवणीवर येतात. "येतंय मी."

वीस मिनिटांत रिक्षा आली. बाबा घरच्या हाफ पँटवरच आले होते. लेथची जागा त्यांनी बघितली, मग दुसरीकडे बघितलं. मी स्पिंडल उलटा फिरवला. किंचाळी थांबली, नुसती सरसर राहिली आणि पितळेचा सोनेरी भुसा उडायला लागला. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेच.

"हे आत-बाहेर कसं करतेस? बटणं दाबून?"

मी मशीनला वायरने जोडलेली छोटी पेटी त्यांच्या हातात दिली. तिच्यावर एक चाक असतं. एक टिक फिरवलं की टूल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने सरकतं.

"याला चाक आहे?" बाबांनी चाकावर अंगठा ठेवला. "सांगितलं नाहीस कधी."

"विचारलंत कुठे?"

चकतीच्या व्यासातून एक मिलिमीटर काढायचा होता. बाबांनी दहा टिक मोजले, एक काप घेतला, मशीन थांबवून मापाचा व्हर्निअर लावला, आकडा बघितला आणि पुन्हा दहा टिक मोजले. आमच्या लेथच्या चाकावर दहा आकडे फिरवले की जॉब दहानेच बारीक व्हायचा, तसंच ते चाक आखलेलं होतं. इथे टूल दहाने आत गेलं की दोन्ही बाजूंनी दहा-दहा निघतात, म्हणजे वीस. मला हे माहीत होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांचा चेहरा दिसला. ओठ हलत होते, टिक मोजत होते, भुवया लेथवर असायच्या तशा वर. मी तोंड मिटलं.

एकाऐवजी दोन मिलिमीटर निघाले. संध्याकाळी आईने पीठ भरून दाबलं तर ते कडेने वर आलं. "अगो, वाट लागली! ही सैल झाली!"

"मला नवीन आहे ते मशीन," बाबा म्हणाले. "उद्या दुसरी करतो."

सकाळी मी पोचले तेव्हा ते गाळ्याच्या शटरजवळ उभे होते. या वेळी फुल पँट आणि शर्टाच्या खिशात स्वतःचा व्हर्निअर. मी पितळ पकडलं, स्पिंडल उलटा फिरवला. बाबांनी पेटी घेतली आणि पाच टिक मोजले. दहा नाही, पाच. शेवटपर्यंत पाच-पाच. चकती नळीत घातली तर हळूच, हवा दाबत, स्वतःच्या वजनाने खाली उतरत गेली.

"पाचच का मोजलेत?" मी विचारलं. "मी तर सांगितलंच नव्हतं."

"कालच्या पहिल्या कापालाच व्हर्निअरने सांगितलं."

"मग काल बोलला का नाहीत?"

ते स्टुलावर बसले, चाकाची पेटी मांडीवर ठेवली आणि माझ्या डब्याकडे हात केला.

"काल तू तरी कुठे बोललीस?"