परदेशी बाई नंबर दोन

नाशिकला सहा वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली सुप्रभा, नवरा देवदत्त डॉक्टरेट करायला जपानात क्योतोला आला म्हणून त्याच्यामागून आली आणि एका जेवणघरात बशा विसळायला लागली. १९९४ च्या नोव्हेंबरात तिथल्या मालकिणीच्या ओळखीतून तिला एक दिवसाचं वेगळंच काम मिळालं. गुन्हेगारी टोळ्यांवरचा सिनेमा होता आणि त्यांना परदेशी चेहरे हवे होते.

स्टुडिओत तिच्या हातात लाल चकचकीत झगा दिला. कागदावर तिची भूमिका लिहिली होती, ‘परदेशी बाई नंबर दोन’. बारमध्ये गोळीबार होतो, नंबर एक मरते, नंबर दोन किंचाळते. संपलं. नंबर एक म्हणजे मारिसेल, फिलिपिन्सची हसरी मुलगी. दोघींनी सकाळपासून एकच डबा वाटून खाल्ला होता.

प्रत्येक शॉटची नोंद ठेवणाऱ्या हामादा-सान कॅमेऱ्यामागच्या गर्दीतल्या एकट्याच बाई. सुप्रभानं मोडक्यातोडक्या जपानीत त्यांना विचारलं, “गोष्टीतल्या ह्या दोघी इथं कशासाठी आल्यात? घरी कोण आहे त्यांच्या?”

हामादा-सान लिहिता लिहिता थांबल्या. “सव्वीस वर्षांत हे कुणी विचारलं नाही. पुरुषाचा व्रण कुठल्या गालावर, ते मी लिहिते. बायका वाट बघतात, रडतात नाहीतर मरतात. परदेशी असल्या तर जरा लवकर मरतात.”

तीनदा शॉट झाला, तीनदा सुप्रभा किंचाळली. दिग्दर्शक ओरडत होता, “आणखी जोरात!”

चौथ्या वेळी मारिसेल कोसळली तेव्हा तिचा झगा पार मांडीवर गेला. भोवती वीस-पंचवीस पुरुष उभे. सुप्रभाला किंचाळायचं सुचलंच नाही. ती खाली बसली, झगा नीट ओढला, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मराठीत म्हणाली, “ऊठ गं बाई. घरी जायचंय ना आपल्याला?”

“हे लिहिलेलं नाहीये,” दिग्दर्शक म्हणाला.

हामादा-सान उभ्या राहिल्या. “माफ करा, पण मला हेच खरं वाटतं. मैत्रीण मेल्यावर कुणी नुसतं किंचाळत उभं राहत नाही.”

दिग्दर्शकानं मान खाजवली. मग म्हणाला, “कॅमेरा जवळ घ्या.”

तो शॉटही पहिल्यांदा फुकट गेला, कारण मेलेल्या मारिसेलच्या डोळ्यांतून पाणी आलं. “मढं रडतंय!” लाइटवाला ओरडला आणि सगळा सेट हसला.

वसंतात सुप्रभा, देवदत्त, मारिसेल आणि हामादा-सान मिळून सिनेमा बघायला गेले. ते दृश्य जेमतेम चार सेकंदांचं उरलं होतं, पण सुप्रभाचं मराठी वाक्य तसंच होतं. पुढं सिनेमात कुणी मेलेल्या बाईची आठवणही काढली नाही. मारिसेल तरी खूश होती. “मी मेले छान, नाही?” ती म्हणाली. देवदत्तनं सुप्रभाचा हात धरला आणि दिवे लागले तरी सोडला नाही.

पुढच्या वर्षी हामादा-सानचा फोन आला. एका नव्या दिग्दर्शकाला पोलीसकथेसाठी भारतीय नर्स हवी होती.

“मरते का?” सुप्रभानं विचारलं.

“नाही. साक्ष देते. अकरा वाक्यं आहेत.”

सुप्रभा गेली. आधी तिनं सगळी वाक्यं वाचली आणि चार बदलून घेतली.